सणाच्या गोळ्या

॥ श्री ॥
शिवमंदिर रोड, अंबरनाथ
२८ ऑगस्ट २००४

प्रिय यशू,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. अंबरनाथहून बदलापूरला पत्र, म्हणजे एका स्टेशनावरून पुढच्या स्टेशनावर. पोस्टातली बाईसुद्धा पत्ता वाचून हसेल. पण करू काय? आमचा फोन ह्यांच्या आरामखुर्चीच्या हाताशी आणि तुझा सासूबाईंच्या पलंगाशी. दोघंही पेपर वाचल्यासारखं करतात आणि शब्द न् शब्द ऐकतात. शिवाय माझी बातमी फोनवर उरकण्यातली नाहीच.

मला लग्न मिळालंय. लावायला. संपूर्ण, एकटीने, सीमांतपूजनापासून सप्तपदीपर्यंत. डोंबिवलीच्या पौरोहित्य वर्गात दोन वर्षं घोकंपट्टी केली तेव्हा हे म्हणाले होते, "हौस म्हणून ठीक आहे." आजवर सत्यनारायण केले, वास्तुशांत केली, पण लग्नात मी कायम दुसऱ्या गुरुजींच्या शेजारी, तांदूळ पुढे करायला. आणि परवा खुद्द शरदचंद्र खांबेटे घरी आले. इथल्याच फॅक्टरीतले रिटायर्ड अधिकारी, आता बदलापूरला असतात. आपल्या फॅक्टरी कॉलनीतल्या एका पूजेला त्यांनी मला ऐकलं होतं. म्हणाले, तुम्ही प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगता, मला पहिल्यांदाच कळलं की आपण काय म्हणतोय, माझ्या गंधारचं लग्न तुम्हीच लावायचं. मुलगी श्रद्धा, उल्हासनगरची, बँकेत आहे. अठ्ठावीस नोव्हेंबर, तुळशीच्या लग्नानंतरचा पहिलाच रविवार. मी त्यांना चहात साखर घालायची विसरले आणि त्यांनी तो तसाच प्यायला.

यंदा अधिक श्रावण आल्यामुळे दोन महिने नुसती धावपळ आहे. आज ह्या बिल्डिंगमध्ये, उद्या त्या. आता गणपती. पाळीचा ह्या वयात काही नेम उरलेला नाही, एकदा दहा दिवसांत येते, एकदा दोन महिने पत्ता नाही. म्हणून सणाच्या गोळ्या, त्या पाळी पुढे ढकलायच्या, चालूच ठेवल्यात, पूजेला बसताना मनात धाकधूक नको. धाकधूक मात्र तरीही होतेच. परवा भाजी निवडताना उगाचच छातीत धडधडलं. आनंद पचत नाही, दुसरं काय.

आता खरं सांग. शेजार सोडून हेंद्रेपाड्याला गेलीस ती गेलीसच. वर्ष झालं, एकदा फिरकली नाहीस. आठ दिवसांनी एक तरी कांदेपोह्यांची बशी आपल्या दोन दारांतून फिरायची. मी भटजीण झाले हे तुला रुचलं नाही का?

लग्नाला यायचंच. अस्मिताला मुका.

तुझी
कुंदाताई


हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
६ सप्टेंबर २००४

ती. कुंदाताई,
जयभीम आणि नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा घरी, एकदा उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्याच्या ऑफिसात, आणि तिसऱ्यांदा आमच्या शेठजींच्या बायकोला, भाभींना, मोठ्याने वाचून दाखवलं. जीन्सच्या गठ्ठ्यांवर बसून त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "अरे वाह, लेडीज पंडित? हमारे टाइम में होती तो मैं भी उसी से करवाती." म्हणजे तुमची कीर्ती उल्हासनगरच्या कॅम्प दोनपर्यंत पोचली. सांगा आता, मोठं कोण?

मला रुचलं नाही असं कसं वाटलं तुम्हाला? देवांशी माझं काही देणंघेणं नाही हे खरं, आमच्या आजोबांनी छप्पन सालीच ते सगळं आवरून ठेवलं. पण एक बाई माइक हातात घेऊन चारशे माणसांसमोर बोलणार आणि ती माणसं गप्प ऐकणार, हे मला न रुचायला मी काय खुळी आहे? लग्नाला मी येणार. पहिल्या रांगेत बसणार. अक्षता तुमच्यावर टाकणार.

यायला जमलं नाही ते नवीन घर, नवीन नोकरी, अस्मिताची शाळा यामुळे. बाकी काही नाही.

त्या गोळ्यांचं मात्र मला हसू आलं. आमच्याकडे पाळी आली तर आई म्हणायची, "गरम पाणी पी आणि अभ्यासाला बस." तुमच्या देवाला एवढं कसं सगळं कळतं?

रागावू नका. ते छातीत धडधडण्याचं जरा नीट सांगा. कधी होतं, कसं होतं, किती दिवसांपासून. मला गंमत म्हणून नको, खरंच कळवा.

तुमची
यशोधरा


॥ श्री ॥
अंबरनाथ
२९ सप्टेंबर २००४

प्रिय यशू,
आशीर्वाद.

तू नीट सांग म्हणालीस म्हणून सांगते. ह्यांना सांगितलेलं नाही.

गणपतीच्या दिवशी पाच घरं होती. पहिली दोन झकास झाली. तिसऱ्या घरी प्राणप्रतिष्ठेला बसले, दूर्वा हातात, आणि अचानक घसा कोरडा ठक्क पडला. हृदय असं उडायला लागलं की पदर हलताना मला दिसत होता. घामाने चेहरा निथळला. आणि यशू, जो मंत्र मला झोपेत उठवून विचारला तरी येईल, त्याचा पुढचा शब्दच नाही. समोर सगळं घर हात जोडून बसलंय. मी डोळे मिटले आणि म्हटलं, सगळ्यांनी मनातल्या मनात आपापली इच्छा देवाला सांगा. लोकांना वाटलं, वा, काय सुंदर पद्धत आहे. मला फक्त तिथून पळून जायचं होतं.

तेव्हापासून हे अधूनमधून होतं. पहाटे जाग येते ती धसकूनच. काहीतरी वाईट होणार असं वाटतं, पण काय ते सांगता येत नाही. ह्यांना घरी यायला जरा उशीर झाला की मी गॅलरीत. नाक्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. बीपी बघितलं, कार्डिओग्राम काढला, सगळं ठीक. विचारलं, काही औषधं चालू आहेत का? म्हटलं, छे, मला कधी क्रोसिनसुद्धा लागत नाही. म्हणाले, टेन्शन घेऊ नका.

मग मी माझंच उत्तर काढलं. देवाला बाईमाणसाने हे केलेलं चालत नसावं. तू हसशील. पण ज्या जागी मी सगळ्यात सुखी असते, नेमकं त्याच जागी बसल्यावर मला हे होतं, ह्याचा दुसरा अर्थ काय लावू? खांबेट्यांच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना माझा आवाज गेला तर? एकदा तसं झालं की ह्या गावात पुन्हा कुठल्या बाईला कुणी लग्नाला बोलावणार नाही. माझं एकटीचं हसं झालं असतं तर चाललं असतं.

नवरात्रात आठ घरी पाठ आहेत. काल गोळ्यांचं नवीन पाकीट आणलं. नवरात्र निभावून नेते, मग खांबेट्यांना नाही म्हणून सांगेन.

कुंदाताई


हेंद्रेपाडा
५ ऑक्टोबर २००४

ती. कुंदाताई,

सापडलं. मला सापडलंय. काल संध्याकाळी तुमचं पत्र हातात पडलं आणि चहा गॅसवर उतू गेला. सासूबाई ओरडत होत्या आणि मी नुसती उभी होते.

डॉक्टरांनी औषधं चालू आहेत का विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात. आणि त्याच पत्रात खाली, गोळ्यांचं नवीन पाकीट आणलं. ताई, ते औषध नाही तर काय आहे? चणेफुटाणे? दोन श्रावण, गणपती, गौरी, आता नवरात्र. मधे थांबलात तरी कधी? सणाच्या गोळ्या म्हणायचं आणि औषधाच्या हिशेबात धरायच्या नाहीत, हे तुम्ही एकट्याच करत नाही. मीपण केलं.

तुम्ही विचारत होतात ना, मी का आले नाही. नवीन घर वगैरे सगळं खोटं. इथे राहायला आलो तेव्हा प्रमोद आणि मी ठरवलं की अस्मिता थोडी मोठी होऊ दे, दुसऱ्याची घाई नको. एका डॉक्टरांनी पाळणा लांबवायच्या गोळ्या दिल्या. सासूबाईंना नातू हवा, म्हणून तांदळाच्या डब्यामागे लपवून घ्यायचे. दोन-तीन महिन्यांत मी दुसरीच कुणीतरी झाले. अस्मिताची रिक्षा शाळेला निघाली की मला ती उलटलेलीच दिसायची. कुलूप लावून जिना उतरायचे, परत वर जाऊन बघायचे. दोनदा अंबरनाथला तुमच्याकडे यायला निघाले. साडी नेसून, केळी घेऊन. दोन्हीदा रिक्षा स्टँडवरून परत आले. पाय उचलेचनात. कॉलनीत असताना मी युनियनच्या मोर्च्यात पुढे असायचे हे तुम्हाला माहीतच आहे. तीच मी, दारातून बाहेर पडायला घाबरत होते. हे तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार होते? मला वाटलं, वेड लागतंय.

शेवटी भाभींनी हाताला धरून त्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, उल्हासनगरलाच. बाईंनी पहिलं विचारलं, "और क्या क्या लेती हो? सब बताओ, विटामिन भी." मी गोळ्यांचं सांगितलं. म्हणाल्या, पुष्कळ बायकांना ह्या गोळ्यांनी काहीच होत नाही, पण काहींच्या मनाला त्या सोसत नाहीत, बदलून बघू. गोळ्या बंद केल्या, तांबी बसवली. एका दिवसात फरक पडला नाही, पण ह्या जूनमध्ये, शाळा सुरू झाल्या त्या सुमारास, लक्षात आलं की मी कुलूप लावून सरळ खाली उतरतेय. त्या दिवशी जिन्यात मी रडले.

तुमचं हेच असेल असं मी म्हणत नाही. मी हिशेब लिहिणारी बाई, डॉक्टर नाही. पण देवाचा राग आहे हे ठरवण्याआधी त्या डॉक्टरीणबाईंना एकदा विचारू. शनिवारी मी तुम्हाला न्यायला येतेय. घरी सांगा, जीन्स घ्यायला जातोय.

यशोधरा


॥ श्री ॥
अंबरनाथ
२५ ऑक्टोबर २००४

माझ्या यशू,

तू दारात उभी राहिलीस तेव्हा मला काही बोलता आलं नाही, आणि पुढे सबंध दिवस उल्हासनगरच्या गोंगाटात बोलायला सवडच नव्हती. म्हणून लिहिते. तू वर्षभर त्या भीतीत एकटी होतीस आणि मी इथे बसून, यशूला माझी पूजाअर्चा खटकली, असं स्वतःला समजावत होते. ते सगळं पाणी वाहून गेलं आता.

तुझ्या डॉक्टरीणबाई मला फार आवडल्या. किती सरळ बोलतात. माझं सगळं ऐकून घेतलं, थायरॉइड तपासायला रक्त घेतलं आणि म्हणाल्या, "देखो कुंदाजी, दो चीज़ें मिक्स हो गयी हैं." एक म्हणजे वय. पाळी जायच्या आधीची काही वर्षं आतली सगळी घडी विस्कटते, त्यात धडधडणं, घाम, पहाटेची जाग, उगाच भीती, हे पुष्कळ जणींना होतं, आणि आयुष्यात कधी घाबरट नसलेल्या बाईलाही होतं. दुसरं म्हणजे मी तीन महिने जवळजवळ सलग घेतलेल्या त्या गोळ्या. चार दिवसांसाठी असतात त्या, एवढ्यासाठी नाहीत. कुणाचा वाटा किती, हे त्यांनाही छातीठोक सांगता येणार नाही म्हणाल्या. गोळ्या थांबवून बघू, वयाचं तर थांबवता येणार नाही. रिपोर्ट आला, थायरॉइड ठीक आहे.

नवरात्रातल्या घरांना मी, घसा बसलाय, सांगून मोकळी झाले. गोळ्या सोडल्यावर पाळी आली ती धो धो आली, चार दिवस पडून होते. पण परवापासून, काय सांगू, पहाटे जाग येते ती चिमण्यांच्या आवाजाने. काल देवासमोर बसून सगळी मंगलाष्टकं मोठ्याने म्हटली. हे आरामखुर्चीतून म्हणाले, "आज सूर लागलाय." लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं.

आणि आता पेच बघ. गोळ्या घ्यायच्या नाहीत, आणि पाळीला माझ्या काही नेम नाही. अठ्ठावीस तारखेला नेमकी आली म्हणजे? तशात होमापुढे बसायचं हे माझ्या आईला, तिच्या आईला, कुणाला स्वप्नातही सुचलं नसतं. तेव्हा खांबेट्यांना नाहीच म्हणते. आवाज परत आला, एवढंही पुष्कळ झालं.

कुंदाताई


हेंद्रेपाडा
३० ऑक्टोबर २००४

ती. कुंदाताई,

अजिबात नाही. इतकं सगळं करून तुम्ही घरी बसणार आणि मंगलाष्टकं आरामखुर्चीला ऐकवणार?

देवाच्या बाबतीत मी तुम्हाला काय सांगणार. पण तुम्हीच मला एकदा म्हणाला होतात की मंत्राचा अर्थ कळला की धाक जातो. मग ह्याचा अर्थ लावा. तुमचं शरीर तेच, आवाज तोच, पाठांतर तेच. चार दिवसांत त्यातलं काय बिघडतं?

दोन रस्ते आहेत. गुपचूप बसायचं, कुणाला काय कळतंय. तो रस्ता मला माहीत आहे, तांदळाच्या डब्यामागून जातो. लपवलं की भीती आणखी वाढते. दुसरा म्हणजे खांबेट्यांना जाऊन सांगायचं. नाही म्हणायचं असेल तर ते म्हणतील. तुम्ही कशाला त्यांच्या वतीने म्हणताय?

वाट बघते. सोमवारपासून पोस्टमनला मी चहा देणार आहे.

यशोधरा


॥ श्री ॥
अंबरनाथ
९ नोव्हेंबर २००४

प्रिय यशू,

गेले. सांगितलं. आणि अजून जिवंत आहे.

चकल्या अर्धवट टाकून बदलापूरला गेले, कारण उद्यावर ढकललं असतं तर गेलेच नसते. खांबेटे हॉलमध्ये पेपर वाचत होते, त्यांच्या आई, माई म्हणतात त्यांना, दिवाणावर वाती वळत होत्या. मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, "मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. माझी पाळी कधी येईल सांगता येत नाही. ती पुढे ढकलायच्या गोळ्यांचा मला त्रास झाला, त्या मी घेणार नाही. त्या दिवशी आली तरी मी लग्न लावीन. तुम्हाला चालणार नसेल तर आजच सांगा, दुसरे गुरुजी मीच शोधून देते."

यशू, त्या माणसाने पंख्याकडे बघितलं. मग खिडकीकडे. मग चष्मा काढून पुसला. आणि म्हणाले, "बरं. कळवतो." मी जणू रजेचा अर्ज दिला होता. माईंच्या हातातली वात मात्र तशीच राहिली. मी जिना उतरेपर्यंत वरून त्यांचा आवाज आला, असला विटाळ मंडपात असेल तर मी त्या मंडपात पाऊल ठेवणार नाही.

घरी आले ती हसत आले. छातीत धडधडत होतं, पण ह्या वेळी कशामुळे ते मला ठाऊक होतं. केवढा फरक असतो गं.

चार दिवस काही निरोप नाही. मी मनातून ते लग्न सोडून दिलं. आणि आज दुपारी दारात एक स्कूटी थांबली. हेल्मेट काढलं तर श्रद्धा, म्हणजे नवरी. आत येऊन पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "काकू, खरंच तुम्ही असं सांगितलंत? गंधारच्या बाबांसमोर? सच्ची?" मी म्हटलं, हो बाई. तर ती खाली सतरंजीवरच बसली. म्हणाली, "माझी डेट पण नेमकी तीच आहे. मम्मीने गोळ्या आणून फ्रिजवर ठेवल्यात. मावशीच्या लग्नात घेतल्या होत्या ना, तर मी आठ दिवस नुसती रडत होते, कुणाला काही सांगायचीच चोरी. आता स्वतःच्या लग्नात पण तशीच बसू का? तुम्ही घेणार नसाल ना, तर मी पण नाही घेणार."

माझं बोलणं तिला गंधारकडून कळलं होतं, आणि इथून जाऊन तिने स्वतःचंही गंधारला सांगितलं, गंधारने वडिलांना. म्हणजे त्या घरात चार दिवस हीच चर्चा चालली होती, आणि तीही फराळाच्या ताटाभोवती. संध्याकाळी खांबेट्यांचा फोन आला. ह्यांनीच उचलला. त्यांना एवढंच सांगितलं, "कार्यक्रम ठरल्याप्रमाणे." हे मला विचारतात, म्हणजे काय? मग सांगितलं ह्यांनाही, सगळं. पेपर खाली ठेवून ऐकलं. मग उठून चकल्यांचा पुढचा घाणा स्वतःच तळायला लागले.

माई मात्र हटून आहेत. घरातली सगळ्यात मोठी बाई नातवाच्या लग्नात मंडपाबाहेर, आणि माझ्यामुळे. ते टोचतं.

दिवाळीच्या सगळ्यांना शुभेच्छा. तू दिवाळी करत नाहीस हे माहीत आहे, चकल्या तरी खा. जरा काळ्या झाल्यात, ह्यांनी तळल्यात.

कुंदाताई


हेंद्रेपाडा
२४ नोव्हेंबर २००४

ती. कुंदाताई,

घात झाला. अस्मिताला कांजिण्या आल्यात. पहिल्या रांगेतली माझी खुर्ची रिकामी राहणार. मी प्रमोदला म्हटलं, तू घरी थांब. पण पोरगी मला सोडत नाहीये आणि लग्नाच्या हॉलमध्ये कांजिण्या वाटत फिरायला नको.

तेव्हा ऐका. पाण्याचा तांब्या जवळ ठेवा. ते मधेच आलंच, वयाचा वाटा म्हणून, तर पळू नका, लपवू नका. थांबा, पाणी प्या, ते जाईपर्यंत बसून राहा. मला डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं होतं. लोक थांबतात हो. लग्न सोडून कुठे जाणारेत?

माईंची चिंता करू नका. त्यांचं त्यांना ठरवू दे.

तासातासाचं मला लिहायचं. मी इथे खाजेवर कॅलामाइन लावत बसलेली असेन, पण मनाने तुमच्या माइकपाशी.

यशोधरा


॥ श्री ॥
अंबरनाथ
२९ नोव्हेंबर २००४

यशू, माझी यशू,

लागलं. लग्न लागलं. माझा घसा बसलाय, पाय सुजलेत, आणि मला झोप येत नाही इतकी मी खूश आहे.

तुला म्हणून सगळ्यात आधी हे सांगते. काल सकाळी आंघोळीला गेले आणि पाळी आली. दीड महिना पत्ता नव्हता, आणि नेमकी काल. न्हाणीघरातच मला हसू यायला लागलं. बाहेरून हे विचारतायत, काय झालं? म्हटलं, पाहुणी आली, आणि माझी हिरवी नऊवारी काढून ठेवा.

हॉल भरलेला. खांबेटे कार्यक्रमपत्रिका हातात घेऊन मिनिटामिनिटाला घड्याळ बघत होते. श्रद्धा पिवळ्या अष्टपुत्रीत काय गोड दिसत होती. तिचं काय होतं ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. माई मंडपात नव्हत्या. बाजूच्या खोलीत, दार अर्धं लावून बसल्या होत्या.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू केली आणि आवाज असा निघाला की मलाच नवल वाटलं. मागच्या रांगेतली माणसं बोलायची थांबली. कन्यादान झालं, लाजाहोम झाला. लाह्यांचा धूर डोळ्यांत गेला, आणि सप्तपदीच्या तिसऱ्या पावलाला ती आली. तीच भीती. घसा कोरडा, हात गार, पुढचा शब्द नाही. मनात म्हटलं, आलीस का. मी पळाले नाही गं. माइकवर सांगितलं, "मला जरा थांबायला हवं." तांब्या उचलून पाणी प्यायले. चारशे माणसं गप्प. श्रद्धा तिसऱ्या तांदळाच्या राशीवर पाऊल ठेवून उभी होती, ती खाली वाकून हळूच म्हणाली, "काकू, सावकाश. आम्हाला कुठे जायचंय?" गंधार हसला, मीही हसले. आणि ते गेलं. मग चौथं पाऊल, पाचवं, आणि प्रत्येकाचा अर्थ मी पूर्वी कधी सांगितला नव्हता असा सांगितला. कुणालाही वाटलं नाही की काही बिघडलं. बाईंना दम लागला, पाणी प्यायल्या, एवढंच.

आता खरं सांगायचं ते सांगते.

सगळं आटपल्यावर मी सामान आवरत होते. पाया पडायला माणसं येत होती. तेवढ्यात त्या खोलीचं दार उघडलं आणि माई भिंतीला धरून बाहेर आल्या. खांबेटे हात द्यायला धावले, त्यांना त्यांनी बाजूला केलं. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि कानाशी तोंड आणून विचारलं, "आज आहे का तुला?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. काम तर झालं होतं. मी म्हटलं, "आहे."

त्यांनी माझा दंड घट्ट धरला. मग म्हणाल्या, "माझ्या लग्नात मला होती. चौदा वर्षांची होते. कुणाला सांगितलं नाही, तशीच बसले होमाला. पहिला मुलगा आठवड्याचा होऊन गेला. तो त्यामुळेच गेला असं मी आजवर धरून चालले." मी म्हटलं, "नाही हो माई, त्याने नाही." त्यांनी विचारलं, "खात्रीने सांगतेस?" मी म्हटलं, खात्रीने सांगते. यशू, एवढ्या खात्रीने मी उभ्या जन्मात काही सांगितलेलं नाही.

माई मग खाली वाकल्या. माझ्या आईच्या वयाच्या बाई, आणि माझ्या पायांवर डोकं टेकायला वाकल्या. एरवी मी झटकन मागे सरले असते. वयाने मोठ्या, आणि त्यात मी तशी.

मी पाय मागे घेतले नाहीत.

तुझी
कुंदाताई